दादाचा आवाज दोन रिक्षांवर

समोरच्या पक्षाच्या रिक्षावर माझ्या दादाचा आवाज कसा आला? हे मी ऑफिसातल्या प्रत्येकाला विचारलं. कोणी सांगितलं नाही, उलट प्रत्येकाने मला एकेक किस्सा ऐकवला. निवडणुकीचं ऑफिस असंच असतं. विचारलेलं तेवढं राहतं आणि किस्से साठत जातात.

मी रिक्षा चालवतो. शाळा सातवीत सोडली. दादा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये भाऊंचं काम करायचा. भाऊ म्हणजे आमच्या वॉर्डातले उमेदवार. प्रचाराचं रेकॉर्डिंग दरवेळी दादाच्या आवाजात व्हायचं आणि माझ्या रिक्षावर वाजायचं.

*

भाऊंचा कोणावरच विश्वास नाही. मीटिंगआधी सगळ्यांनी आपले फोन कोल्ड्रिंकच्या फ्रिजमध्ये ठेवायचे, असा त्यांचा नियम. एकदा मीटिंग रंगात आली आणि फ्रिज वाजायला लागला. ज्याचा फोन तोच फितूर, असं म्हणत भाऊंनी स्वतः दार उघडलं. फोन त्यांचाच होता. वर नाव समोरच्या उमेदवाराचं!

भाऊंनी फोन कट केला. "लग्नाचं आमंत्रण असेल," म्हणाले.

*

ऑफिसातले सर्वांत जुने कार्यकर्ते आप्पा, नव्वदीला टेकलेले. ते म्हणायचे, संशय काय आजचा आहे? स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची. पेटीवर चिन्ह चिकटवलेलं, आत नुसती मतपत्रिका टाकायची. आप्पांचे वडील तेव्हा एका उमेदवाराबरोबर फिरत होते. खाडीकाठच्या गावात मिठागरावरचा एक म्हातारा मत द्यायला आत गेला, बाहेर आला, कमरेला खोचलेली मतपत्रिका काढली आणि थेट उमेदवाराच्या हातात दिली.

"तुजा मत तुजे हातान. पेटीवर माजा भरवसा नाय."

*

यंदा प्रचार सुरू व्हायच्या आधीच भाऊंनी दादाच्या मागे संद्याला लावलं. संद्या नवीन होता, मी दादाचा भाऊ हे त्याला माहीत नव्हतं. तो नेमका माझ्याच रिक्षात बसला आणि म्हणाला, पुढची रिक्षा सोडू नको. पुढच्या रिक्षात दादा! मीही सोडली नाही, मलाही बघायचं होतं. दादा नौपाड्यात उतरला, एक जिना चढून वर गेला आणि अर्ध्या तासाने खाली आला. संद्याने भाऊंना रिपोर्ट दिला की बंद दाराआड गुप्त बैठक झाली, येताना हातात फाइल होती.

जिन्याशी हार्टच्या डॉक्टरची पाटी होती. संद्याने ती वाचली नाही, मी वाचली. घरी दादाला विचारलं.

"ॲसिडिटी आहे रे," तो म्हणाला.

त्या महिन्यात मी एवढ्या एकाच गोष्टीवर विश्वास ठेवला.

*

प्रचाराच्या तिसऱ्या दिवशी नाक्यावर माझी रिक्षा आणि समोरच्या पक्षाची रिक्षा समोरासमोर आल्या. माझ्या भोंग्यातून दादा सांगत होता, भाऊंना निवडून द्या. समोरच्या भोंग्यातूनही दादाच सांगत होता, भाऊंना पाडा.

पानवाला म्हणाला, "आधी घरात मिटवा ना रे."

मी उडी मारून त्या रिक्षाची वायरच उपटली. ड्रायव्हर शपथा घालत होता की त्याला नुसता पेनड्राइव्ह दिलेला, कोणाचा आवाज ते माहीत नाही. भाऊंनी दादाला बोलावून घेतलं. तो आवाज माझा नाही, एवढंच दादा म्हणाला. आप्पा म्हणाले, हल्ली मोबाइलवर कोणाचाही आवाज काढता येतो. भाऊंनी ऐकून घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तू फुटलास."

सहाव्या दिवशी सकाळी चहा पिता पिता दादा गेला.

*

अंत्ययात्रेला भाऊ आले. हात जोडायच्या आधी त्यांनी समोरच्या पक्षाचं कोण कोण आलंय ते बघून घेतलं. समोरचेही आलेले. तेही तेच बघत होते.

तिसऱ्या दिवशी भाऊंचा फोन आला. रिक्षा काढ, रेकॉर्डिंग तेच ठेव. मी विचारलं, फुटलेल्या माणसाचा आवाज कशाला पाहिजे?

"लोक ओळखतात त्याला," भाऊ म्हणाले.

शिवी ओठावर आलेली. तरी मी रिक्षा काढली. दिवसभर दादा माझ्या डोक्यावर बोलत राहायचा, मला तेवढंच हवं होतं.

*

शेवटच्या दिवशी प्रचार पाचला थांबणार होता. दुपारी मी रिक्षा वागळे इस्टेटमधून बाहेर काढली आणि भोंगा चालू ठेवून थेट टिटवाळ्याला नेली. तिथल्या नव्या बिल्डिंगमध्ये दादाने घर घेतलेलं. आई तिथेच असायची, दादा गेल्यापासून खाली उतरली नव्हती. वाटेत कल्याणला लोक थांबून बघत होते. ठाण्यातल्या वॉर्डाचा उमेदवार इथे काय मागतोय, त्यांना कळत नव्हतं. भाऊंना कोणीतरी कळवलंच. टिटवाळ्यात पोचलो तोच त्यांचा फोन आला.

"टिटवाळ्यात आपलं एक मत नाही. कोणाला भेटायला गेलायस?"

"आईला."

"खरं सांग."

मी फोन सीटखाली टाकला. आई गॅलरीत आली. दादा तमाम मतदार बंधू-भगिनींना नमस्कार करत होता, भाऊंना प्रचंड मतांनी विजयी करा म्हणत होता. संपलं की पुन्हा नमस्कार. आईने कठडा धरून चार वेळा सगळं ऐकलं. पाचव्यांदा सुरू झालं तेव्हा ती वरून म्हणाली, "किती बोलवशील त्याला? घसा बसेल त्याचा. पुरे आता."

पाचला अजून वीस मिनिटं होती. मी बंद केलं.