दादांचं मशीन आणि आम्ही चौघं

बबनच्या बाकड्याखाली चामड्याच्या कातरणांचा ढीग असतो. सकाळी झाडून काढला तरी संध्याकाळी आहे तेवढाच! आमच्या किश्श्यांचंही तसंच. एक सांगून संपवावा तोवर पायाखाली दुसरा जमलेला असतो. आणि ज्या वर्षी बबननं दादांचं मशीन दुरुस्तीला काढलं, त्या वर्षीचं तर विचारूच नका!

बबन म्हणजे घोडेगावच्या स्टँडजवळ चपला, बॅगा आणि बैलांचे घुंगरपट्टे शिवणारा आमचा दोस्त. शेजारी शेठचं हार्डवेअरचं दुकान. तिसरे पोपटराव, महाळुंगे पडवळचे, शर्यतीच्या बैलांपायी घरदार विसरलेले. आणि चौथा मी, एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेला मेकॅनिक. रोज संध्याकाळी चहा बबनच्या दुकानात, आणि सल्ले फुकट.

मशीन बबनच्या वडिलांचं, म्हणजे दादांचं. चामडं शिवायचं जुनं कारखान्यातलं धूड. कंपनीचं नाव कधीच घासून गेलेलं. एका दसऱ्याला ते जे अडकलं ते अडकलंच. दादा म्हणाले, "देवीच्या मनात न्हाई. कुणी हात लावायचा न्हाई!" त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी सगळं हातानं शिवलं. बोटं वाकडी झाली, पण मशीन उघडू दिलं नाही.

बबनची एकच इच्छा होती, ते पुन्हा चालताना ऐकायचं. लहानपणी म्हणे तो त्या आवाजावरच झोपायचा.

* * *

मशीन होतं बबनच्या लोणी गावातल्या जुन्या घरात. आणायला पोपटरावांची बैलांची पिकअप. वाटेत धूळ बसू नये म्हणून पोपटरावांनी त्यावर काय टाकावं? सरदार बैलाची झूल! आरसे लावलेली, गोंडेवाली.

मंचरला चहाला थांबलो तर गाडीभोवती ही गर्दी. आमच्याकडं झूल दिसली की माणूस चहा टाकून येतो.

"पावणं, शर्यतीला कुठल्या घाटाला चाललाय?"

"बैल बसून का हाय? आजारी हाय का?"

पोपटराव शांतपणे बशीतला चहा भुरकत म्हणाले, "आजारी न्हाई. लई वर्षं झाली, रुसून बसलाय!"

एका म्हाताऱ्या बाबांना राहवलं नाही. त्यांनी मायेनं झुलीखाली हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"अरारारा! पोरांनो, जनावर पार गार पडलंय की रं!"

* * *

दुकानात जागा नाही, म्हणून मशीन बसलं बबनच्या घरात, पुढच्या खोलीत. सुमनवहिनी दिवसभर बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी भंगाराच्या टेम्पोवाल्याचा नंबर फोनमध्ये घातला.

"अगं, दादांची आठवण हाय ती!" बबन कळवळून म्हणाला.

"आठवण भिंतीवर हाय की, हार घातलेली. तिला जागा लागत न्हाई!"

शेवटी तह झाला. दसऱ्याला मशीननं वहिनींच्या डोळ्यांदेखत चामड्याचा पट्टा शिवला तर ते घरात राहणार. नाही शिवला तर टेम्पोत! वहिनी बोलल्या म्हणजे बोलल्या. बबननं आणलेला नवा मिक्सर त्यांनी असाच एका शब्दावर परत पाठवला होता. त्यामुळं आमची झोप उडाली.

* * *

दुरुस्तीचा चार्ज अर्थातच माझ्याकडं आला. म्हणजे मी घेतला!

"आधी डिझेल पाजा," मी ऑर्डर सोडली. एसटीत आम्ही कशालाही आधी डिझेलच पाजायचो.

घरभर असा वास सुटला की वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "भावजी, आज वरणाला फोडणी देऊ का नको? घर पेटायचं!"

तरी चाक हलेना. मग बबननं सुईखालची पट्टी काढली, खालच्या दोऱ्याचं शटल फिरतं त्या खोबणीत आरी घातली आणि टोकरून टोकरून एक काळा, दगडासारखा गोळा बाहेर काढला.

मी तो हातात घेतला, उजेडात धरला आणि जाहीर केलं, "कार्बन!"

शेठ उंबऱ्याबाहेर उभे होते. ते जैन, चामड्याला शिवत नाहीत, त्यामुळं त्यांचे सगळे सल्ले उंबऱ्याबाहेरून. त्यांनी चष्मा वर करून गोळ्याकडं निरखून पाहिलं.

"मला यात तांदूळ दिसतोय."

त्यांचं पर्युषण चालू होतं. कडक उपवास! पोपटरावांनी मांडीवर थाप मारली.

"शेठ, उपास सोडा आता! लोखंडात भात दिसाया लागला तुमास्नी!"

आम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. गोळा गेला गटारात. चाक मात्र फिरलं! सगळं श्रेय डिझेलला, म्हणजे मला. मी ते सोडलं नाही.

* * *

पोळा झाला आणि एक दिवस आम्ही बघतो तर मशीन गुलाबी! पोपटरावांनी बैलांच्या शिंगांचा उरलेला रंग सगळा त्याच्यावर चढवला होता. हातचाकाला गोंडासुद्धा!

बबन तेलाची कुपी घेऊन मशीनभोवती फिरत राहिला. तेल घालायची भोकंच दिसेनात. सगळी रंगात बुजलेली.

"पोपटराव, आता तेल घालू कुठून?"

"बैलाला कुठून पाजतोस? तोंडातून पाज!"

बबन बिचारा सुई घेऊन एकेक भोक टोकरत बसला. बबन रागावला की गप्प होतो, आणि त्याचं गप्प बसणं शिव्यांपेक्षा जास्त लागतं. पोपटरावांनी न सांगता सगळ्यांसाठी भजी आणली.

* * *

चाचणीच्या दिवशी शेठ म्हणाले, "माझ्यासमोर चामडं नको. ही घ्या ताडपत्री, माझ्याकडून." आणि कधी नव्हे ते आत येऊन मशीनजवळ वाकून उभे राहिले.

बबननं पायडल दाबलं. धडाक, धडाक, धडाक! खोली हादरली. बबननं डोळेच मिटले. हात ताडपत्रीवर आणि माणूस भलतीकडंच, दादांच्या काळात! मला त्याच्याकडं बघवेना.

डोळे उघडले तेव्हा ताडपत्री शिवून झाली होती, आणि तिच्याबरोबर शेठच्या हातातली कापडी पिशवीसुद्धा!

आता शेठ चिडणार असं वाटलं. त्यांनी पिशवी ओढून पाहिली, पुन्हा जोर लावून ओढली, आणि म्हणाले, "टाका मात्र पक्का हाय!"

ती ताडपत्री त्यांनी तशीच दुकानात टांगली. दोन दिवसांत एक गिऱ्हाईक विचारत आलं, "शेठ, ही खिशाची अजून एक हाय का?"

वहिनींवर काही परिणाम झाला नाही. "ताडपत्री काय, गोधडीच्या सुईनं मीबी शिवीन. चामड्याचं बोला!"

* * *

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारं, अवजारं पुजायची, चालवायची नाहीत. वहिनी भांडतात मशीनशी, पण पूजेत कमी करणार नाहीत. "सासूबाई करायच्या तशीच करते," म्हणाल्या. हळदीकुंकू, झेंडूची माळ, उदबत्ती, आणि वरून अक्षता. चिमूटभर नाही, चांगली मूठभर!

दसऱ्याला सकाळी पोपटराव सरदारच्या घुंगरपट्ट्याचं जाडजूड चामडं घेऊन हजर. शेठ उंबऱ्याबाहेर. वहिनी कमरेवर हात ठेवून दारात. आणि रस्त्यावर टेम्पो उभा! शब्दाच्या पक्क्या, त्यांनी त्यालाही बोलावलं होतं.

बबननं दादांच्या फोटोला नमस्कार केला, चामडं लावलं, पायडल दाबलं.

खट्!

पुन्हा दाबलं. चाक जागचं हलेना. परवापर्यंत धडधडणारं मशीन ठार बंद.

"डिझेल..." मी म्हणालो. माझ्याकडं कुणी पाहिलंही नाही.

बबनचा चेहरा पार उतरला. "देवीच्या मनातच न्हाई," तो पुटपुटला. अगदी दादांसारखं! मग काय वाटलं कोण जाणे, त्यानं सुईखालची पट्टी काढली आणि शटलच्या खोबणीत आरी घातली. टोकावर काहीतरी आलं. त्यानं ते तळहातावर घेतलं.

तांदळाचा दाणा. कुंकवानं लाल झालेला.

मग शेठ बाहेरून हळूच म्हणाले, "तो काळा गोळा..."

पोपटराव खाली बघायला लागले. 'कार्बन' म्हणणारा मी आढ्याकडं बघायला लागलो.

बबननं फोटोकडं पाहिलं. "दादा... एवढ्याशा तांदळापायी जन्मभर हातानं शिवलंत वो!" आणि तो रडला. सरळ लहान पोरासारखा रडला. रडता रडता हसायलाही लागला, आणि आम्हाला दोन्हीतलं काय करावं ते कळेना. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मग पुढं होऊन माळ काढली, मशीनवरच्या राहिलेल्या अक्षता एकेक वेचून घेतल्या आणि म्हणाल्या, "चालवा आता."

धडाक, धडाक, धडाक! पट्टा एका दमात शिवून झाला. पोपटरावांनी तो स्वतःच्याच गळ्यात घालून बघितला.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. टेम्पोवाला दारातून डोकावत म्हणाला, "वहिनी, काय उचलायचं हाय?"

वहिनींनी मशीनकडं पाहिलं. मग आमच्याकडं पाहिलं.

"मशीन राहू दे. हे चौघं बसलेत ना, ते ने!"

टेम्पोवाल्यानं आम्हाला एकेकाला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि मान हलवली.

"न्हाई वहिनी. लोखंड असंल तर बोला!"