बुधवारी सुट्टी घेणारा तारा

हेमचंद्र मूळचा कुठल्या गावचा, एकटा का राहत होता, तोयोसुच्या कचेरीत नेमकं काय करत होता, यातलं नरेंद्ररावांना काही ठाऊक नव्हतं. ओजिमाच्या सरकारी वसाहतीत सातव्या मजल्यावर दोघांच्या बाल्कन्या शेजारी, मध्ये एक पातळ पत्रा. ओळख म्हणाल तर एवढीच.

नरेंद्रराव पुण्याहून परदेशी मुलीकडे राहायला आलेले. वय त्र्याहत्तर, स्वभाव असा की लिफ्टमध्ये कोणी भेटलं तर मजला चुकल्याचं सोंग करून आधीच उतरत. पण पत्र्याआडून उतरणार कुठं? मराठी ऐकणारं माणूस सापडल्यावर हेमचंद्र थांबत नसे.

त्याला मिक्सरच्या खोक्यानं पछाडलं होतं. बाल्कनीत मांडलेलं खोकं आतून काळं रंगवलेलं, त्यात डीव्हीडीचा तुकडा, पुढं दुर्बीण, मागं जुना कॅमेरा. ताऱ्याचा उजेड फोडून रंगीत पट्टा काढायचा आणि त्यात रेषा कुठं उमटते त्यावरून ताऱ्यात काय आहे ते ओळखायचं. तारेही नुसत्या डोळ्यांना न दिसणारेच.

"दिसणारे सगळ्यांनी उष्टावलेत, काका," तो म्हणे.

जानेवारीत त्याला एका ताऱ्याच्या पट्ट्यात, तांबड्या भागात, ताऱ्यांच्या कुठल्याच यादीत नसलेली उजळ रेषा सापडली. रविवारी तो ती इथल्या हौशी खगोलमंडळात दाखवणार होता. दहा वर्षं त्यानं तिथं खुर्च्या मांडल्या होत्या. बोलायची पाळी पहिल्यांदाच आली होती.

"आणि गंमत म्हणजे, बुधवारी रेषा गायब. गुरुवारी पुन्हा हजर. तारा सुट्टी घेतो, काका."

नरेंद्ररावांनी मनाशी वार मोजले. बुधवारी ते नातीच्या नाचाला हिगाशी-कसाईला गेले होते. एरवी रोज संध्याकाळी सात वाजता ते बाल्कनीलगतच्या देव्हाऱ्यात पुण्याहून आणलेली विजेची समई लावत. नारिंगी, थरथरत्या ज्योतीची. इथल्या शंभर व्होल्टवर ती पेटेना म्हणून जावयानं देवाला स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर घेऊन दिला होता.

दोन दिवस ते गप्प बसले. सांगावं तर त्याचा तारा विझतो, न सांगावं तर चारचौघांत त्याचं हसं होतं. शनिवारी सातनंतर त्यांनी पत्र्यावर टिचकी मारली.

"मी एक वस्तू बंद करतो. तुम्ही बघा."

पलीकडे कॅमेऱ्याची कळ दोनदा वाजली.

"गेली," हेमचंद्र म्हणाला. "काय बंद केलंत?"

"समई. विजेची."

"म्हणजे ज्योतीतला निऑन वायू, त्याची रेषा. खोक्याला फट आहे, तुमचा उजेड आत येतोय." त्यानं खोकं ठोकून पाहिलं. "तीन आठवडे मी तुमच्या गणपतीचा अभ्यास करत होतो."

"बाळकृष्ण आहे," नरेंद्रराव पुटपुटले.

पलीकडून हसण्याचा आवाज आला की खोकल्याचा, ते त्यांना कळलं नाही.

रविवारी हेमचंद्र तरीही बोलला. आपल्या चुकीवरच बोलला, आणि मंडळातले म्हातारे म्हणे पोट धरून हसले.

फेब्रुवारीत तो कचेरीतच गेला, हृदयविकारानं. आदल्या सकाळी दोघं खाली कचरा टाकताना भेटले होते.

"काका, आज समई सातलाच?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"आठला लावा. आधी मी तारे उरकून घेतो."

"बरं. आठला."