वळणावरची हळद

भुताखेतांवर, साक्षात्कारांवर माझा कधीच विश्वास नव्हता. नागोयाला एका मोटार कंपनीत मी टेस्टिंगला आहे. ब्रेक पुन्हापुन्हा दाबून पाहिल्याशिवाय सही करत नाही. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच ओशाळल्यासारखं होतंय... पण घडलं ते असं.

आईची फार जुनी हौस होती — जपान आडवा चालत ओलांडायचा. तोयामाला समुद्रात पाय बुडवून निघायचं, डोंगर ओलांडायचे आणि आमच्या नागोयाच्या बाजूच्या समुद्रात पुन्हा पाय बुडवायचे. ते राहूनच गेलं. मागच्या वर्षी आई गेली. या शरद ऋतूत बाबा पुण्याहून आले आणि पहिला चहा संपायच्या आत म्हणाले, "मग, कधी निघायचं?" गुडघा कुरकुरणारा, हट्ट मात्र धडधाकट. मग काय, सुट्टीच्या दिवशी तुकड्यातुकड्यांनी चालायला लागलो. ट्रेनने जायचं आणि मागच्या वेळी थांबलो तिथून पुढे निघायचं.

बाबांच्या खिशात आईचा कुंकवाचा करंडा. वाटेत दिसेल त्या दगडी देवाला ते कुंकू लावणार. एकदा तर अंतर लिहिलेल्या साध्या दगडालाच फासून मोकळे झाले आणि मी ओल्या टिश्यूने पुसत बसले. इथे कचऱ्याची पिशवी चुकीच्या दिवशी ठेवली तरी शेजारी दारात येतात... म्हटलं, बाबा, हा देव नाही, पुढच्या गावाचं अंतर आहे.

"असू दे. वाट सांगतो ना?"

मी करंडा काढून घेतला आणि माझ्या सॅकच्या तळाशी ठेवून दिला.

त्यानंतरच्या खेपेला, हिदाच्या डोंगरातली खिंड उतरताना भर दुपारी धुकं आलं. बारीक पाऊस, मोबाईलला रेंज नाही, वाटेला दोन फाटे आणि पाटी उन्मळून पडलेली. बाबांचा गुडघा वाकेना, ओठ निळे पडायला लागले होते. फाटा चुकला तर परत चढून येणं त्यांना जमणार नव्हतं. मला रडू येत होतं, म्हणून मी त्यांच्यावरच चिडचिड करत होते.

तेवढ्यात डावीकडच्या फाट्यावर एक दगड दिसला. त्यावर हळदीचा ठिपका, शेजारी कुंकवाचा. मुगाच्या दाण्याएवढे, रेखीव. बाबांचं कुंकू म्हणजे अंगठ्याचा फराटा. असं नेमकं आई लावायची. आणि हळद तर आम्ही आणलीच नव्हती.

आई ट्रेकला कायम आमच्या पुढे असायची आणि वळणावर थांबून आम्हाला हाका मारायची. बाबा त्या दगडाकडे बघत राहिले.

"थांबलीय बघ," ते हळूच म्हणाले. "चल, नाहीतर ओरडेल."

पुढे प्रत्येक फाट्यावर तसाच दगड. एवढ्या पावसात एकही ठिपका ओघळलेला नाही. शेवटच्या दगडापासून खाली एक छोटं स्टेशन दिसलं. तिथे मशीनमधलं गरम कॉर्न सूप बाबांना पाजलं, त्यांचे हात चोळले आणि मग सॅक उपसली. करंड्याचं झाकण घट्ट होतं. आत नुसतं कुंकू.

स्वभावाला औषध नाही, पुढच्या रविवारी मी एकटी परत गेले. दगड जागेवर होते, स्वच्छ. पावसाने धुतले गेले असतील, मान्य. पण लावलं कुणी? उजवीकडच्या फाट्यानेही जाऊन पाहिलं. जरा पुढे दरड कोसळून वाट संपलेली होती.

थंडी सुरू होता होता आम्ही दुसऱ्या समुद्रावर पोचलो. मी अजूनही या सगळ्याचं उत्तर शोधतेय. रिपोर्ट लिहायला बसले तर कारणाचा रकाना कोराच राहील. बाबांना मात्र उत्तर नकोच आहे. त्यांनी बूट काढले, पॅन्ट दुमडली आणि पाण्यात उभे राहिले. मी शेजारीच होते, पण ते माझ्याशी बोलत नव्हते.

"पोचलो गं," ते म्हणाले. "लेकही आहे बरोबर."