मागावर राहिलेली टोकं

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. अक्षर वाकडंतिकडं, ऱ्हस्व-दीर्घ चुकतात. हे कुणाच्या हाती पडलंच तर सांभाळून घ्यावं. गंगाक्का जाऊन महिना होत आला, तरी दुपार झाली की त्यांच्या मागाचा आवाज येईल असं वाटून कान तिकडेच जातो... म्हणून लिहायला बसले.

शहापुरात आमची भिंतीला भिंत. आक्का विधवा, घरी लुगडी विणायच्या. त्यांचा गणपा सोळा वर्षांचा असताना, व्यापाऱ्यानं सुतासाठी दिलेली उचल घेऊन मुंबईला पळाला. ती उचल आक्का विणून फेडत होत्या. माझ्या भावानं मला एक कादंबरी आणून दिली, ती मी त्यांना वाचून दाखवायची. त्यातला सदाही घरातले पैसे घेऊन पळतो. तिथं आल्यावर मी वाचायची थांबले. आक्कांनी माग थांबवून धोटा हातात धरला आणि म्हणाल्या, "थांबलीस का गं? वाच की. जेवला का त्यो?"

मग सदा शहाणा झाला की अजून पोरच आहे, यावर रोज आमचा वाद. त्याला नोकरी लागली, मिशी फुटली, मालकाशी ताठ मानेनं बोलला, तेव्हा मी म्हटलं, "आता मोठा झाला बघा, आक्का."

"मिशी आली म्हनून? मांजरालाबी असत्यात की."

पुढं बाजारात आईसारखं लुगडं नेसलेली बाई दिसते आणि सदा रस्त्यात रडतो. मला तो लहानच वाटला. आक्का म्हणाल्या, "न्हाय गं. आता कुठं मोठा व्हाय लागलाय." हे मला कळेना. अजूनही त्यावर विचार करते. शेवटचं प्रकरण मात्र त्यांनी वाचू दिलं नाही. "ऱ्हाऊ दे. आमचा आला की त्येच्याम्होरं वाच."

ताप अंगावर काढत त्यांनी हातातलं लुगडं पुरं केलं. लुगडं कापून घेतलं तरी मागाच्या फणीतले जुने दोरे काढायचे नाहीत. नव्या ताण्याचा, म्हणजे उभ्या सुताचा, एकेक दोरा त्यांच्याच टोकांना जोडायचा, अशी आमच्याकडची रीत. आक्कांनी टोकं नीट बांधून ठेवली आणि अंथरूण धरलं, त्या उठल्याच नाहीत.

कुणाकडून कळलं देव जाणे, गणपा दिवसांना आला. रुंद झालेला, मिशी राखलेला. हा आता माग विकणार, असं मला वाटलं. तो मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला, टोकांवरून बोट फिरवत राहिला... मग म्हणाला, "काकू, व्यापाऱ्याचं किती ऱ्हायलंय?"

"एका लुगड्याचं."

दुसऱ्या दिवशी त्यानं सूत आणलं आणि जोडायला बसला. मध्येच मान वर न करता विचारलं, "आई माज्याबद्दल काय म्हनायची?"

"जेवला का, म्हणायच्या."

त्यानंतर बराच वेळ त्याला पुढचा दोरा सापडेना.

काल लुगडं उतरलं. टोकं तशीच बांधून ठेवून तो व्यापाऱ्याकडे गेला. मी पुस्तक घेऊन उंबऱ्याशी बसले होते; शेवटचं प्रकरण आक्कांनी त्याच्यासाठी ठेवलंय, हे त्याला आधीच सांगितलं होतं. परत आल्यावर तो आईच्या जागी बसला.

"वाचा आता, काकू," तो म्हणाला. "सगळं फिटलं."