एका फोनवरची एक्केचाळीस मतं

निर्मलाअक्का गेल्याची बातमी ज्यांच्याकडून मला कळली, निदान त्यांच्याकडून तरी ती कळायला नको होती. धुळ्याचं ते साहित्य मंडळ. त्यांच्या समितीत मी होते, त्यामुळे त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात माझा नंबर अजून राहिला आहे. सकाळी गट उघडला तर अक्काचा फोटो, भोवती फुलांची चौकट आणि खाली ‘खानदेशच्या वाचकप्रिय लेखिकेला भावपूर्ण श्रद्धांजली’. वाचकप्रिय! दोन वर्षांपूर्वी याच मंडळाने भरल्या सभागृहात तिच्या वाचकांना बनावट ठरवलं होतं. फोटोखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मी गट बंद केला आणि चोपड्याला फोन लावला. अक्काच्या भाचीने उचलला. “हो मावशी, खरंय. चहाचं आधण ठेवलं आणि ओट्यापाशीच बसली... दवाखान्यात न्यायलाही वेळ दिला नाही.”

अक्का नर्स होती. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात तिची सारी नोकरी गेली. रस्ता संपला की पायी, नाल्याला पाणी असलं की साडी खोचून, अशी ती बाळंतपणं करत फिरली. मी तेव्हा जळगावच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होते. जिल्ह्याच्या बैठकीला आली की ती पिशवीभर पुस्तकं न्यायची आणि परत देताना प्रत्येकावर फटकळ अभिप्राय द्यायची. “या लेखकाने बाळंतीण कधी पाहिलेली नाही, सुनंदा. इतकं बोलते का कोणी कळा येताना?” मग तूच लिही, असं मी चिडून म्हटलं. निवृत्त झाल्यावर तिने खरंच लिहिलं. ‘उपकेंद्राची पायरी’ हे तिचं एकमेव पुस्तक.

ते तिने कसं लिहिलं हे सांगायलाच हवं. तिच्या घरामागे केळी भरण्याची एक शेड आहे. तिथे घड धुऊन, फण्या सोडवून खोक्यात भरणाऱ्या चाळीस-पन्नास बायका. त्यातल्या निम्म्यांची बाळंतपणं अक्कानेच केलेली. एक प्रकरण लिहून झालं की अक्का जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये जायची आणि वाचून दाखवायची. बायका भाकरी खाता खाता ऐकायच्या आणि मधेच अडवायच्या. मी एकदा गेले होते. नाल्याच्या पुरात अडकलेल्या बैलगाडीचं प्रकरण चाललं होतं. लताबाई, म्हणजे शेडवरची मुकादम, हात धुता धुता म्हणाली, “अक्का, त्या दिनले गाडी नव्हती. तू माले पाठवर लई गयथी.” अक्का थांबली. आपण लताबाईला पाठीवर घेऊन नाला ओलांडला होता, हे ती खरोखरच विसरली होती. किंवा लिहायला लाजली होती... घरी येऊन तिने ते प्रकरण पहिल्यापासून लिहिलं.

अशा पुस्तकाला मी मंडळाच्या पुरस्काराच्या तोंडी दिलं. हो, मीच. अक्काला न विचारता प्रती पाठवल्या. मंडळाने त्या वर्षी मोठा गाजावाजा केला होता की आता परीक्षक नकोत, वाचकच ठरवतील. पाच पुस्तकं निवडायची, मोबाइलवर एक अर्ज ठेवायचा, त्यात नाव, गाव, फोन नंबर आणि पुस्तक का आवडलं ते एका वाक्यात. ‘एका वाचकाचं एक मत’ एवढाच नियम. मला ते फार आवडलं होतं. अक्काचं पुस्तक पाचांत आलं तेव्हा मी तिला म्हटलं, चार लोकांना सांग मत द्यायला. “मी काय पंचायतीला उभी आहे?” म्हणाली आणि विषय संपवला. पण शेडमध्ये कळायचं ते कळलं. बहुतेकींकडे फोन नाही, आहे तो नवऱ्याच्या खिशात. मग लताबाईने आपला फोन काढला. तिची सून बारावी शिकलेली. तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत एकेक बाई तिच्यासमोर बसली, स्वतःचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आपलं वाक्य सांगितलं आणि सुनेने ते टाइप केलं. एक्केचाळीस बायका, एक फोन.

दुसरीकडे काय चाललं होतं तेही सांगते. स्पर्धेतले एक लेखक शिकवणी वर्ग चालवतात. माझ्या शेजारची मुलगी त्या वर्गाला जायची. तिने मला हसत हसत सांगितलं, “सरांनी तास सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना फोन काढायला लावले, काकू. पुस्तक? नाही हो, पाहिलंसुद्धा नाही.” ही सगळी मतं खरी ठरली. प्रत्येकाचा नंबर वेगळा होता ना!

समारंभाला पाचही लेखकांना बोलावणं होतं. अक्का लताबाईला आणि आणखी दोघींना घेऊन एसटीने धुळ्याला आली. बायकांनी कपाटातल्या साड्या काढल्या होत्या. मी मंचावर होते, समितीची सदस्य म्हणून, छातीला बिल्ला लावून. निकालाआधी सचिव माइकसमोर आले आणि म्हणाले, “वाईट वाटतं सांगायला, पण चोपड्याकडच्या एका पुस्तकासाठी एकाच फोनवरून एक्केचाळीस बनावट मतं टाकली गेली. ती आम्ही बाद केली आहेत. वाचकांचा कौल असा पळवता येत नाही!” सभागृह हसलं. टाळ्यासुद्धा पडल्या. तिसऱ्या रांगेत लताबाई उभी राहिली. “फोन मना शे,” ती मोठ्याने म्हणाली. “पण मतं बठ्ठ्यास्नी शेतस. इचारा ना आमले!” मतं सगळ्यांची आहेत, आम्हालाच विचारा, एवढंच ती म्हणत होती. सचिवांनी हाताने खाली बसायची खूण केली, कार्यक्रमानंतर बोलू म्हणाले आणि विजेत्याचं नाव पुकारलं. तो माइक माझ्यापासून चार पावलांवर होता. यातल्या प्रत्येक बाईला मी ओळखते, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. ओळखीच्या लोकांसमोर तमाशा नको वाटला. त्या शब्दाची मला आज शिसारी येते. तमाशा तर झालाच होता, फक्त तो दुसऱ्यांचा होता म्हणून मला चालला.

बाहेर अक्का एसटी स्टँडकडे निघाली होती. मी तिला धावत गाठलं. ती रडली नाही, ओरडली नाही. “मला नाही मिळालं, त्याचं काही नाही गं. पण त्या बायकांना खोटं म्हणाले. ते तेवढं परत घ्यायला लाव त्यांना.” मी पत्र लिहिलं. ‘विषय संपला आहे’ असं दोन ओळींचं उत्तर आलं. पुढे मी काही केलं नाही. अक्का फोनवर विचारायची, “पत्राचं काय झालं?” मी काहीतरी सांगायचे. मग एकदा तिने विचारणं सोडून दिलं. पावसापाण्याचं बोलायची, तब्येतीचं बोलायची... त्यानंतर तिने एक ओळ लिहिली नाही. शेडमध्ये जायची, बसायची, पण कागद न्यायची नाही.

आणि आता ती गेल्यावर पंधराच दिवसांत सचिवांचा मला फोन! मंडळ अक्काला मरणोत्तर ‘वाचकप्रिय सन्मान’ देणार, मी त्यांच्या स्मरणिकेसाठी एक पान लिहावं. मी विचारलं, “आणि ती एक्केचाळीस मतं?” “अहो मॅडम, त्या आता गेल्या. कशाला जुनं उकरता?” मी त्यांचं पान लिहिलं नाही. धुळ्याला गेले, मंडळाच्या कार्यालयात बसून राहिले आणि ते अर्ज छापून घेतल्याशिवाय उठले नाही. ते कोणी वाचलेच नव्हते. एसटीत मी वाचले. ‘मला वाचता येत नाही, मी सगळं ऐकलं.’ ‘यातली सासू माझीच आहे, अशीच होती.’ ‘माझं पहिलं बाळ गेलं, घरात कोणी त्याचा विषय काढत नाही. या पुस्तकात ते आहे.’ हे बनावट! मला पुढचं वाचवेना.

परवा ते कागद घेऊन चोपड्याला गेले. अक्काची खोली भाचीने तशीच ठेवली आहे. खाटेशेजारी रक्तदाब मोजायचं यंत्र, त्याचा पट्टा नीट गुंडाळलेला. शेडवरच्या बायका अजून दुपारी तिथे येतात, भाची पट्टा बांधते, आकडा सांगते. त्या ऐकतात आणि तरीही थोडा वेळ बसून राहतात. मी कागद लताबाईच्या हातात दिले. तिने ते उलटसुलट केले, प्रत्येक कागदावरचा स्वतःचा फोन नंबर ओळखला. मी म्हटलं, मी हे पेपरात लिहिणार आहे. मंडळाने आपले शब्द परत घेतले नाहीत, पण ही मतं खरी होती असं लिहिणार आहे. लताबाईने कागदांची गड्डी सारखी केली.

“लिखा,” ती म्हणाली. “पण बाई, त्या दिनले धुळ्याले तुम्ही स्टेजवर बठेल होत्यात. तेबी लिखा.”

लिहिलं आहे.