चावीवाल्याची साइट

आम्रपालीला बापाची लाज वाटायची. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे उगाच तिची बाजू घ्यायला कुणी जायला नको. मुलगी वाईट नव्हती. धायरीहून रोज दोन बस बदलून कॉलेजला यायची, शेवटच्या वर्षाला होती, मार्कही बरे मिळवायची. पण पप्पा काय करतात असं कुणी विचारलं, की “महापालिकेत, पाणीपुरवठ्यात,” एवढंच सांगून विषय बदलायची, आणि ऐकणाऱ्यानं इंजिनिअर समजलं तर खुशाल समजू द्यायची.

रामदास इंजिनिअर नव्हते, चावीवाले होते. लांब दांड्याची लोखंडी चावी घेऊन गल्लोगल्ली जायचं, रस्त्यातलं झाकण उघडायचं, व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडायचं. तीस वर्षं हेच केलं आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. आता ह्यात लपवण्यासारखं काय होतं, सांगा. अख्ख्या भागाच्या चुली ह्या माणसाच्या हातावर चालायच्या. पण लेकीची जीभ तेवढ्यापुरती जड व्हायची.

पहिल्या वर्षाच्या परीक्षेला ती हॉल तिकीट घरी विसरली. रामदास ड्यूटी अर्धवट टाकून सायकल दामटत आले; कॅरिअरला चावी बांधलेली, पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. गेटवर तिनं तिकीट घेतलं आणि पाठ फिरवली. कोण गं ते, असं मैत्रिणीनं, ऋतिकानं, विचारलं. “ओळखीचे काका आहेत, आमच्या गल्लीतले,” आम्रपाली म्हणाली. रामदास तेव्हा सायकल वळवत होते. त्यांनी ऐकलं नसेल अशी तिनं स्वतःची समजूत घातली आणि ती दोन वर्षं पुरवली.

ह्या वर्षी कल्याणी मॅडमनी वर्गाला वेबसाइट तपासायला शिकवायचं मनावर घेतलं. साइट कुणी लिहिली, कशाच्या आधारावर, शेवटची कधी सुधारली, त्यात कुणाचा काय फायदा, अशा रकान्यांचा छापील फॉर्म दिला. गुण पंचवीसपैकी. सगळ्यात खाली एक ओळ होती : तपासणाऱ्याचा ह्या साइटशी काही संबंध आहे का? मग जोड्या पाडल्या. आम्रपालीच्या वाट्याला चेतन आला, आणि चेतननं शोधून काढली ती नेमकी ‘आपलं पाणी, आपल्या वेळा’.

ती तिच्या पप्पांचीच साइट होती. कुठल्या गल्लीला कुठला व्हॉल्व्ह, पाणी किती वाजता, पाइप कुठून कसा गेलाय, आणि वरती लाल-निळी लुकलुकणारी अक्षरं. तळाशी ‘रामदासकाका, निवृत्त चावीवाले’ आणि मोबाइल नंबर.

चेतन म्हणाला, ही साइट बघून डोळे येतील. आम्रपालीही हसली. तेव्हाच सांगता आलं असतं. पण नाही, बाईसाहेबांनी उलट पेन हातात घेतलं. लेखकाच्या पात्रतेला शून्य, माहितीच्या आधाराला शून्य, दिसण्याला एक. शेवटी चेतनलाच कसंतरी झालं, अगं थोडे तरी दे म्हणाला. सगळे मिळून चार झाले. संबंधाच्या ओळीपुढे तिनं ‘नाही’ लिहिलं आणि सही ठोकली.

फॉर्म वर्गात वाचून झाला, तेव्हा कल्याणी मॅडमनी शांतपणे विचारलं, की आधार नाही हे कशावरून ठरवलंत? तळाशी नंबर आहे, तो लावून पाहिलात का? चेतननं नकारार्थी मान हलवली. मग मॅडमनी स्वतःच फोन लावला, कॉलेजचं नाव सांगितलं, सगळा वर्ग ऐकतोय हेही सांगितलं, आणि ही माहिती आपण कुठून घेतलीत असं विचारलं.

रामदास सावकाश बोलू लागले. कुठल्या व्हॉल्व्हला किती आटे दिले की शेवटच्या घरापर्यंत पाणी चढतं, हे ते रोज डायरीत लिहीत. अशा बावीस डायऱ्या होत्या. “महापालिकेच्या नकाशात आमच्याकडची एक लाइन सरळ दाखवली आहे. जमिनीखाली ती जुन्या विहिरीला वळसा घालून जाते. त्या खड्ड्यात मी स्वतः उतरलो होतो, म्हणून तसं लिहिलंय.”

चेतननं लुकलुकणाऱ्या अक्षरांचं विचारलं. ती अक्षरं तिनंच घातली होती. आठवीच्या सुट्टीत पप्पांना शेजारी बसवून सगळी साइटच तिनं केली होती; पुढची भर पप्पा स्वतः घालत आले होते. आता ते नाव घेणार.

रामदास म्हणाले, “ती आमच्या ओळखीच्या एका मुलीनं घातलीत. तिला आवडायची, म्हणून ठेवली आहेत.”

ओळखीच्या. आम्रपालीचे कान तापले. म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. दोन वर्षं ऐकून पोटात ठेवलं होतं, आणि आज कॉलेजचं नाव कानावर पडताच लेकीची लाज राखली होती. धरणीनं पोटात घ्यावं असं तिला झालं. तरीही ती बोलली नाही. मॅडमनी आभार मानून फोन ठेवला, तास संपला, मुलं चहाला गेली, आणि ही बया बाकावर तशीच बसून राहिली.

घरी रामदास गॅलरीत डायऱ्यांवरची धूळ पुसत बसले होते. फोनचा विषय त्यांनी काढला नाही. ती दारातच थांबली. मग कसंबसं विचारलं, “त्या दिवशी गेटवर तुम्ही ऐकलं होतं ना, पप्पा?”

रामदासांनी मान वर केली नाही. “रस्त्याखाली पाइप गळायला लागला की कांब टेकवून, तिला कान लावून ऐकायचो मी. तू तर चार पावलांवर होतीस.”

आवाजात राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं. हातपाय धुऊन जेवून घे म्हणाले, आणि पुढची डायरी उचलली.

दुसऱ्या दिवशी तिनं मॅडमकडून फॉर्म मागून घेतला. वर्गासमोर उभं राहून ‘नाही’ खोडलं, तिथं ‘मुलगी’ लिहिलं आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचलं. चेतन खाली बघत राहिला.

“म्हणजे ते गेटवरचे काका...” ऋतिका म्हणाली आणि थांबली.

“हो,” आम्रपाली म्हणाली.