बॉनेटला कूलर

जळगावची धूळ पाहिलेला माणूस काळी गाडी घेत नाही. आमच्या ह्यांनी घेतली, कारण साहेबांची काळी होती. घरात मात्र सांगितलं, "आईसाठी घेतोय." सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले, एसटीची पायरी त्यांना चढवत नाही, आणि त्यांची थोरली बहीण धुळ्याला. तिच्याकडे जायला-यायला गाडी. ऐकायला किती छान! वर्ष झालं तरी त्या गाडीने धुळ्याचं तोंड पाहिलं नाही.

रोज सकाळी मात्र तिची सेवा चालायची. पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीचा रस्ता सतत उकरलेला, त्यामुळे रात्रीत गाडीवर मातीचा थर बसायचा. हे जुनं बनियन घेऊन तो थर कोरडाच पुसायचे. म्हणजे त्याच मातीने गाडी घासायचे. आयुष्यभर भांडी घासलेल्या बाईला ओरखडे कशाने पडतात हे शिकवावं लागत नाही. मी एकदा बोलले. "तुला गाडीतलं काय कळतं?" असं उत्तर मिळालं, आणि मी स्वयंपाकघरात निघून गेले.

एप्रिलमध्ये शेजाऱ्याने भर उन्हात बॉनेटवर बोट ठेवलं. सूर्य जिथे चमकत होता त्याच्या सभोवती बारीक बारीक गोल रेघा, कोळ्याने जाळं विणल्यासारख्या. ह्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, गावाकडे कुणाचं बरंवाईट झालं. मग मोबाइलवर व्हिडिओ सुरू झाले आणि चार दिवसांत आमच्या घरात एक तज्ज्ञ जन्माला आला. त्या रेघांना स्वर्ल मार्क म्हणतात, त्या रंगात नसतात, रंगावरच्या पारदर्शक थरात असतात, फिरत्या स्पंजाच्या मशीनने तो थर नावापुरता घासला की जातात. हे सगळं आम्हाला जेवताना वाढलं जायचं. रेघा कुणाच्या बनियनने पडल्या, हे मात्र व्हिडिओत कुणी सांगत नसावं.

मशीन घरी आलं आणि त्याच आठवड्यात धुळ्याहून फोन आला. मावशी न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, खाटेवर आहेत आणि सारखी बहिणीची आठवण काढताहेत. सासूबाईंनी संध्याकाळीच पिशवी भरली.

"माले उद्या लई चाल रे भाऊ," घेऊन चल म्हणून त्या ह्यांना विनवू लागल्या; लेकाला त्या भाऊच म्हणतात. "मन्ही बहीननं तोंड दखानं शे माले."

"एवढं पॉलिश होऊ दे, मग जाऊ," हे म्हणाले. "मावशीच्या दारात अशी गाडी उभी करू का?"

खुबा मोडलेली बाई खाटेवरून उठून बॉनेट तपासणार होती बहुतेक. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. इथे विघ्न एकच होतं, आणि ते गॉगल लावून पोर्चमध्ये उभं होतं.

रविवार उजाडला. मे महिना, सकाळीच पत्रा तापलेला. बॉनेटवर पॉलिशची पेस्ट लावावी तर मशीन फिरण्याआधीच तिचा पापड होत होता. सावलीतल्या थंड पत्र्यावरच हे काम करायचं असतं, असं व्हिडिओतला माणूसही सांगत असणार. पण तो माणूस खान्देशात राहत नाही. हे क्षणभर विचारात पडले, आत आले आणि सासूबाईंच्या खाटेसमोरचा कूलर ओढत बाहेर घेऊन गेले. घरात कूलर तो एकच. सासूबाई आत पुठ्ठ्याने वारा घेत बसल्या आणि बाहेर बॉनेट गारव्यात पडलं.

कूलरमध्ये पाणी बोअरचं. त्याचे शिंतोडे बॉनेटवर उडाले, वाळले, आणि काळ्या रंगावर क्षाराचे पांढरे ठिपके उठले. करायला गेले गणपती, झाला मारुती. ते ठिपके घालवायला ह्यांनी मशीन जोर देऊन दाबलं, नेमकं बॉनेटच्या कडेवर. तिथे रंग मुळातच पातळ असतो म्हणे. हे ज्ञान उशिरा आलं. मशीन उचललं तेव्हा कडेला काळा रंग नव्हता, खालचा राखाडी अस्तराचा रंग दिसत होता. ओरखडे मात्र तिथले खरंच गेले होते!

तेवढ्यात सासूबाई भिंत धरत दारात आल्या. हातात पिशवी.

"भाऊ, निंघानं का आते?"

ह्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "आता कसलं धुळे? हिला ह्या अवस्थेत रस्त्यावर काढू?"

हिला म्हणजे गाडीला. मग स्कूटर काढून हे कुणा पेंटरला शोधायला गेले. सासूबाई उंबऱ्यातच बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. त्या रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर मी कदाचित पाणी देऊन गप्प बसले असते. त्या पिशवीच्या बंदाला उगाच गाठी मारत आणि सोडत होत्या, आणि ते बघून मला माझ्या नवऱ्याची लाज वाटली. निव्वळ लाज.

गाडी चालवायचा परवाना माझ्याकडे होता, चावी ह्यांनी कधी हातात दिली नव्हती, इतकंच. आज ती खुंटीवर होती. मी कूलर आणि मशीन बाजूला सरकवलं आणि म्हटलं, "आई, चला."

एरंडोल, पारोळा, मागून हॉर्न वाजवणारे ट्रक. माझे हात स्टिअरिंगला चिकटले होते. वाळलेल्या पेस्टवर रस्त्याची धूळ बसत होती आणि मला, खरं सांगते, फार बरं वाटत होतं. धुळ्याला पोहोचल्यावर सासूबाई मावशींच्या खाटेवर टेकल्या आणि दोघी एकमेकींचे हात धरून नुसत्या बघत राहिल्या.

फोन वाजला. मी स्पीकरवर घेतला.

"गाडी कुठे लावलीस?" हे ओरडत होते. "उन्हात नाही ना? पेस्ट वाळली तर डाग पडतील!"

मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी हात पुढे केला. मी फोन त्यांना दिला.

"गाडी निंबना सावलीमा शे, भाऊ," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुन्ही मावशीना खुबा मोडेल शे. तुन्ही माय बी धड पोहोची गयी. तू इचारं नही, म्हनीसन मीच सांगस."